ओरडणारं ॲप

भोरपासून वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत देवानं जेवढा म्हणून राग वाटायला काढला होता, त्यातला निम्मा एकट्या आमच्या दाजींनी उचलला आणि उरलेला निम्मा त्यांच्यावर चिडलेल्या माणसांत वाटला गेला. त्या माणसांत माझा नंबर पहिला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार हिर्डोशी. नाव विचारू नका, ते मी सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे. वय पासष्टच्या पुढं, अंगानं काटकुळे, टोपी कायम तिरकी, आणि आवाज असा की एवढ्याशा छातीत तो मावतो कुठं हे मला बेचाळीस वर्षांत कळलेलं नाही. त्यांची भातखाचरं ओढ्याच्या पलीकडं, घर अलीकडं. मधलं अंतर चालायला पंधरा मिनिटं लागतात. दाजी ते चालत नाहीत, ओरडतात. पलीकडच्या बांधावरून "आगं ए, च्या टाक!" अशी हाळी आली की अक्का चहा टाकते, आणि शेजारच्या दोन घरांतल्या बायकाही दचकून टाकतात.

रागवायला त्यांना कारण लागत नाही, फक्त समोर काहीतरी असावं लागतं. कावळा ओरडला तर कावळ्यावर, नाही ओरडला तर "आज मेलं कुठं?" म्हणून पुन्हा कावळ्यावर. रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाला ते, तो समोर बसल्यासारखा, जाब विचारतात. एकदा आमच्याकडं भोरला आले असताना कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि दाजी स्वयंपाकघरात जाऊन त्याला म्हणाले, "आयकलं एकदा! भैरं न्हाई हितं कुनी!" स्वतःच्या लग्नातसुद्धा या माणसानं दम धरला नाही. मंगलाष्टका लांबत चालल्या होत्या, ऊन चढलं होतं, आणि अंतरपाटाच्या पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, "आवो भटजी, आवरा की! मान्सं उनात उभी हायेत!" अंतरपाटाच्या अलीकडं माझी अक्का हातातल्या हारासकट थरथरत होती. मी तेव्हा सोळा वर्षांचा. त्याच मांडवात मी ठरवून टाकलं की हा माणूस माझ्या बहिणीला सुखात ठेवणार नाही, आणि तेव्हापासून ते मत मी जिवापाड सांभाळलं.

अक्काला मात्र त्याचं काही नव्हतं. दर भाऊबीजेला मी विचारायचो, "अक्का, खरं सांग, त्रास होतो ना गं?" ती म्हणायची, "त्ये वरडत्यात, म्या भाकरी थापते. दोन्ही कामं संगंच उरकत्यात." यावर मी अजून चिडायचो. एखाद्याच्या वाट्याचं आपण चिडावं आणि त्यानं शांतपणे भाकरी थापावी, यासारखा अपमान नाही.

आणि मग अक्का विसरायला लागली. आधी आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग एकदा ओढ्यावर धुणं घेऊन गेली आणि धुणं तिथंच ठेवून रिकामी घरी आली. मग त्यांची लेक, जी घाटाखाली महाडकडं दिली आहे, ती माहेरी आली तर अक्का तिला दारातच म्हणाली, "कुनाची गं तू?" दाजींनी तिला भोरला डॉक्टरांकडं आणलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं गोळ्या दिल्या, एक सकाळी आठला, एक दुपारी दोनला, आणि सांगितलं की ही वेळ चुकता कामा नये. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवायचं असेल तर गोळी आणि बोलणं, दोन्ही पाहिजे. तिला नावं विचारत राहा, माणसांची, गावांची. दाजी डॉक्टरवरही ओरडले, "टिकवायचं म्हंजी? बरं का न्हाई करत?" डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिला. मला त्या दिवशी पहिल्यांदा दाजींचा राग आला नाही.

आता अडचण अशी की आठला आणि दोनला दाजी खाचरात. ओढ्यापलीकडून "गोळी घे!" म्हणून ओरडावं तर स्वतःच्या कामात वेळेचं भान राहत नाही. महाडच्या लेकीनं फोनमध्ये एक तयार ॲप घालून दिलं, औषधाची आठवण करणारं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मांडणीवरच्या फोनमधून एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "औषध घेण्याची वेळ झाली आहे." अक्का म्हणाली, "बरं ताई, घेते हां," आणि शेण काढायला निघून गेली. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी तिनं दाजींना विचारलं, "ती बया कोन वो? तुमच्या मोबाईलात ऱ्हाती, रोज येळेवर बोलती." बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अक्काच्या आवाजाला धार आली होती म्हणे. दाजींनी फोन उचलला आणि भाताच्या कणगीत फेकला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते भोरला आमच्या दारात. हातात दोनशे पानी वही, खिशाला पेन. मला म्हणाले, "मेव्हणं, मला ॲप शिकायचं हाय."

मी शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. कॉम्प्युटर आल्यावर पाच वर्षं त्याच्याशी भांडण्यात घालवलेला माणूस मी. मला ॲपमधलं ओ की ठो कळत नाही. पण आमची सूनबाई घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी ॲपच करते. ती म्हणाली, "मामा, मीच करून देते ना, दोन दिवसांत होईल." दाजी कडाडले, "तू करून दिलंस आन् उद्या बिघाडलं, तर म्या काय हिर्डोशीस्नं वरडू? खाचर दुसऱ्याकडनं लावून घेतलं म्हनून रोपं वळखता येत न्हाईत. शिकीव!" सूनबाई माझ्याकडं बघायला लागली. मी छताकडं बघायला लागलो. भातकाढणी उरकली होती, माणूस रिकामा होता, आणि माझं कपाळ फुटकं होतं.

आठवड्यातून दोन दिवस शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी सूनबाईनं सांगितलं की शिकणारा पहिला प्रोग्रॅम लिहितो त्यात स्क्रीनवर जगाला नमस्कार करायचा, अशी पद्धत आहे. झालं! "का? जगानं आमाला कधी केलाय? वणव्यात आमची गंजी जळाली तवा कुठं हुतं ह्ये जग?" अर्धा तास जगाची खरडपट्टी निघाली. शेवटी एका बोटानं, चिखलात रोप खोचावं तसं एकेक अक्षर दाबत दाजींनी लिहिलं, "रामराम. गोळी घे." तो त्यांचा पहिला प्रोग्रॅम. ते तीन शब्द स्क्रीनवर उमटले तेव्हा त्यांनी टोपी काढून परत घातली आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आयुष्यभर शाळेत माशा मारल्या.

मला वाटलं होतं आठवड्यात पळून जातील. कसले पळतात! सूनबाई म्हणाली, जर अमुक झालं तर हे कर, नाहीतर ते कर, असं कॉम्प्युटरला सांगावं लागतं. दाजी म्हणाले, "ह्यात काय शिकायचं? जर गोळी घेतली तर गप, न्हाईतर वरड. म्या जलमभर ह्येच केलं." मग तिनं सांगितलं, एखादी गोष्ट होईपर्यंत तेच तेच पुन्हा करत राहा, असंही सांगता येतं. ते ऐकून तर दाजी इतके खूश झाले की त्यांनी मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. "बघा मेव्हणं! तुमी म्हनत हुता ना, येकच गोष्ट शंभर येळा का वरडता म्हून? पुस्तकात हाय ती." प्रोग्रॅममधल्या महिरपी कंसांना ते मिशा म्हणायचे. एक मिशी उघडली की दुसरी बंद केलीच पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटर बोंबलतो. संध्याकाळच्या एसटीला निघताना चपला घालता घालता ते ओरडायचे, "सूनबाई, मिशा मोजल्या का गं?" आमच्या आळीत त्यावरून बरीच वर्षं पुरेल एवढी चर्चा झाली.

चूक झाली की कॉम्प्युटर लाल अक्षरांत सांगतो. हे दाजींना अजिबात सहन व्हायचं नाही. "लाल अक्षरात बोलतोय! माज्याशी!" म्हणून ते खुर्चीवरून उठायचे. सूनबाई पण काही कमी नाही, तिनं एकदा सुनावलं, "मामा, कॉम्प्युटरला ओरडून कळत नाही." तर म्हणाले, "मग त्यो माज्यावर वरडतोय त्ये तुला चालतंय?"  एकदा तर त्यांनी लॅपटॉपला चापट मारली. माझ्या मुलाचा जुना लॅपटॉप, आधीच गळाठलेला, तो जो बंद पडला तो दुसऱ्या दिवशीच चालू झाला, आणि तीन आठवड्यांचं काम पुसलं गेलं होतं. मी तोंड सोडलं. सगळं सगळं बोललो. मंगलाष्टकांपर्यंत मागं गेलो. दाजींनी शांतपणे पिशवीतनं वही काढली. त्यात तीन आठवड्यांचा प्रोग्रॅम पेनानं उतरवलेला होता, मिशांसकट, आणि प्रत्येक ओळीच्या आधी किती जागा सोडायची ते दोन बोटं, चार बोटं असं मापून. "म्हाईत हुतं मला ह्यो दगा देनार," असं लॅपटॉपकडं बघत म्हणाले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून एका बोटानं सुरू झाले. मी आत जाऊन दोन भांडी उगीचच आपटली.

शिमग्याच्या आसपास ॲप तयार झालं. आठ आणि दोनला फोनमधून आवाज येणार, आणि गोळी घेऊन स्क्रीनवरचं तळहाताएवढं हिरवं बटण दाबल्याशिवाय तो थांबणार नाही. रेंज लागत नाही, नेट लागत नाही, कारण हिर्डोशीत दोन्ही मिळायला डोंगर चढावा लागतो. आवाज दाजींचाच भरायचा होता, आणि इथं मी नाक खुपसलं. मी म्हटलं, आजारी माणूस आहे, निदान यंत्रातून तरी तिच्याशी माणसासारखं बोला. बेचाळीस वर्षांचं उट्टं काढायची संधी होती ती. मजकूर मी लिहून दिला, आणि हेडक्लार्कच्या हातून दुसरं काय उतरणार! दाजींनी दातओठ खात, गळा दाबल्यासारख्या मऊ आवाजात तो वाचला, "आपणांस कळविण्यात येते की, आपली औषध घेण्याची वेळ झालेली आहे. तरी कृपया सहकार्य करावे."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता हे फोनमधून आलं. अक्का लगबगीनं उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि अंगणात गेली. शेजारणीला म्हणाली, "वाडीत कुनी सायेब आल्यात गं. बसा म्हनलं तर बसंनात, नुसतं बोलत्यात." गोळी तशीच. दाजींनी एसटीची वाट बघितली नाही, टेम्पोला लटकून भोरला आले आणि आमच्या ओट्यावर उभे राहून मला जे जे म्हणाले ते सगळं आमच्या आळीनं ऐकलं. "कृपया म्हनं! बेचाळीस वर्सात मी तिला कृपया म्हनलोय का? वळखंल कशी ती?"

मग त्यांनी आमच्याच ओट्यावर, त्याच तिरमिरीत, माझ्याकडं बोट रोखून आवाज भरला, "आगं ए! गोळी घे! किती येळा सांगायचं?" दुसऱ्या दिवशी आठ वाजता हिर्डोशीत तो आवाज फुटला. अक्का म्हणाली, "घेते वो, वरडू नगा," आणि गोळी घेतली, पाणी प्यायली, हिरवं बटण दाबलं. त्या दिवशी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनीही आपापल्या बीपीच्या गोळ्या घेतल्या. पुढं ती त्या वाडीची पद्धतच पडली. मला कबूल करावं लागलं की मी लिहिलेल्या एकाही पत्राचा असा परिणाम आयुष्यात झाला नव्हता.

इथंच थांबले असते तर ते दाजी कसले! डॉक्टरनं सांगितलं होतं ना, नावं विचारत राहा. इतर नावं ते स्वतः विचारत, रोज, ओरडून, आणि अक्का सांगे. पण ॲपनं काय विचारावं, तर त्यांनी ठरवलं, आपलंच नाव. हिरवं बटण दाबलं की फोनमधून गर्जना होणार, "आता माजं नाव सांग!" आणि मग अक्का जे बोलेल ते फोन भरून ठेवणार. संध्याकाळी खाचरातून आल्यावर दाजी ते ऐकणार. सूनबाईनं कसं भरून घ्यायचं ते शिकवलं, दाजींनी स्वतःच्या हातानं केलं, एकही मिशी चुकली नाही. मी शाबासकी दिली. तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि याची मला आजही चीड येते.

दहाएक दिवसांनी फोन वाजला. पलीकडून हळू आवाज आला, "मेव्हणं, जरा सवड हाय का?" मी म्हटलं कोण बोलतंय? "म्या हाय, डोंगरावरनं बोलतोय. जरा येता का हिकडं?"  या माणसानं मला कधी सवड विचारली नव्हती. मी, सूनबाई आणि आमची सौभाग्यवती, तिघं मिळेल त्या पहिल्या एसटीनं निघालो. वाटेत धरणाचं पाणी लागलं, पुढं वळणं लागली, आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात तो हळू आवाज. हिर्डोशीत उतरलो तर शेजारीण फाट्यावरच भेटली. म्हणाली, "बरं झालं आलासा. म्हातारा चार दिस वरडला न्हाई, नुसता मोबाईल वरडतोय. आमी रोज सकाळी डोकवून बघतो, हाय का गेला म्हून."

दाजी अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला "या" म्हणाले, तेही हळू. मग फोन काढून एकेक दिवस ऐकवायला लागले. त्यांची गर्जना, "आता माजं नाव सांग!" आणि पुढं काही नाही. बांगड्यांचा आवाज. कोंबडी. कुठंतरी दार. आणि संपलं. दुसऱ्या दिवशी तेच. आठही दिवस तेच. दाजी म्हणाले, "इसरली. पोरीचं नाव सांगती. तुमचं सांगती. म्हशीचंबी सांगती. माजंच गेलं." आणि त्यांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून लावलं.

आणि मी काय बोललो ते लिहितो, कारण लपवलं तर झोप लागणार नाही. मी म्हणालो, "बेचाळीस वर्षं नुसतं ओरडलात दाजी. नाव लक्षात राहावं असं केलंत काय?" इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, निघून गेलं तोंडातून.  दाजींनी मान हलवली फक्त. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात आमची सौभाग्यवती, जी या ॲपच्या सगळ्या रामायणात एक शब्द बोलली नव्हती, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोकी फिरलीत का तुमची तिघांची? एक ऑफिसात पेन्शनीपर्यंत खुर्ची झिजवलेला, एक कंपनीत ॲप करणारी, आणि एक तिचे शिष्य! अहो, वन्सं नवऱ्याचं नाव घेतील का असं, मोबाईलसमोर? मी घेतलंय कधी तुमचं?"  सूनबाईचं सोडा, ती आमच्या मुलाला हळदीच्या दिवसापासून नावानं हाक मारते. पण मी? दाजी? आम्ही तसल्याच घरांत वाढलो, आमच्या आयांनी मरेपर्यंत नाव उच्चारलं नाही, आणि आमच्या टाळक्यात प्रकाश पडला नाही!

अक्का चुलीपुढं बसली होती. मी आत जाऊन विचारलं, "अक्का, फोन विचारतो तेव्हा सांगत का नाहीस गं?" तिनं पदर तोंडाला लावला आणि लाजून हसली. "मोबाईलात तोंड घालून धन्याचं नाव घिऊ व्हय रं बाळ्या? काय सन हाय का वार हाय? आन् दारात कोंबड्याबी असत्यात." म्हणजे कोंबड्यांचीही लाज! बाजेवरून दाजी ऐकत होते. आमच्या सौभाग्यवतीनं कोनाड्यातली कुंकवाची डबी आणली, अक्काला कुंकू लावलं, आणि हळदीकुंकवाला म्हणतात तसं म्हणाली, "वन्सं, नाव घ्या." झालं, तेवढंच हवं होतं. अक्का सावरून बसली, भिंतीकडं बघितलं आणि एका दमात म्हणाली,

"धरणाच्या पाण्याला डोंगराचा पहारा,
…राव वरडलं की भातालाबी शहारा!"

नाव स्वच्छ, ठणठणीत, अडखळली नाही. अंगणात दाजी उठून उभे राहिले. टोपी काढली, घातली, परत काढली. मग सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे गरजले, "आता कुनी च्या टाकतंय का न्हाई?" कोंबड्या पसार झाल्या. शेजारच्या घरातून कुणीतरी "आला गं बाई आवाज" म्हणालेलं मी स्वतः ऐकलं.

त्याच दिवशी दाजींनी ॲप दुरुस्त केलं. गोळीसाठी त्यांची गर्जना, आणि त्यानंतर आमच्या सौभाग्यवतीचा आवाज, "वन्सं, नाव घ्या." तेव्हापासून अक्का रोज दोनदा नाव घ्यायला लागली. कधी जुनं, कधी नवीन. "नाचणीच्या भाकरीवर लसणाचा ठेचा, …रावांचा राग मेला घटकाभराचा!" हे ऐकवायला दाजी मुद्दाम भोरला आले आणि आमच्या ओट्यावर त्यांनी ते मला सहा वेळा ऐकवलं. "राग मेला म्हनती बघा," असं म्हणत स्वतःवरच खूश होऊन रागावत होते.

यंदाच्या लावणीपर्यंत हे असं चाललं. मग उखाणे आखडायला लागले. डॉक्टरनं सांगितलंच होतं, गेलेलं परत येत नाही. आधी दुसरी ओळ डळमळली, मग पहिलीतले शब्द गळाले. दाजी डोंगर चढून फोनवर मला सांगायचे, "आज धरण इसरली. पन नाव हाय." दुसऱ्या आठवड्यात, "आज भाकरी इसरली. नाव हाय." मी इकडं भोरला बसून कुणावर चिडावं ते शोधत असायचो.

परवा गेलो होतो. दुपारची वेळ, मी आणि दाजी ओसरीवर बसलेलो. अक्का तांब्या घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "बाळ्या, कवा आलास?" मला हायसं वाटलं. मग तिनं दाजींकडं बघितलं, डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि तांब्या त्यांच्यासमोर ठेवून अदबीनं म्हणाली, "घ्या पाव्हणं, पानी घ्या. लांबनं आलासा?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. तांब्या उचलला. हळूच म्हणाले, "न्हाई. हितलाच हाय जवळचा." मला काहीतरी फोडावंसं, कुणाला तरी शिव्या घालाव्याशा वाटल्या, आणि समोर कुणीच नव्हतं.

तेवढ्यात दोन वाजले. आतून तो आवाज फुटला, "आगं ए! गोळी घे! किती येळा सांगायचं?" अक्काचं तोंड उजळलं. "आले वो, घेते, वरडू नगा!" असं आत ओरडून ती पाहुण्याकडं वळली. "आमचं मालक हायेत. वरडत्यात लई, पन मनानं वंगाळ न्हाईत. तुमी भिऊ नगा." दाजी म्हणाले, "न्हाई भीत. वळखतो म्या त्यास्नी." ती आत गेली. गोळी घेतली, बटण दाबलं. "वन्सं, नाव घ्या." ओसरीवर परका पुरुष बसलेला, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.  धरण आलं नाही, भाकरी आली नाही, डोंगर आला नाही. मग नुसतं नाव आलं. …राव. स्वच्छ, जसं त्या दिवशी होतं तसं.

बाहेर येऊन ती दाजींच्या समोर थोडी वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पाव्हणं, म्या नाव घेतलं त्ये कुनाला सांगू नगा हां. त्यास्नी कळलं तर लाजत्याल."

दाजी म्हणाले, "न्हाई सांगत."

मग ती माझ्याकडं वळली. "तूबी रं, बाळ्या." मी मान हलवली, म्हणून ते नाव इथं लिहिलेलं नाही.